कागदावरचा पेशंट

सोयाबीनवर फवारणी करता करता अण्णा बांधावरच कोसळले, तेव्हा सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, भादव्याचं ऊन लागलं. शेजारच्या शेषेरावांनी त्यांना गोठ्यात आणून निजवलं, आईनं कांदा फोडून नाकाशी धरला. अंग घामानं निथळत होतं, तोंडातून लाळ गळत होती. डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ऋतुजा सुट्टीला घरी आली होती. तिनं बापाच्या पापण्या उघडल्या. गोठ्याच्या अंधारात मोठ्या व्हायला हव्यात त्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"ऊन न्हाई हे, फवारणीचं औषध भिनलंय. कपडे काढा, साबणानं अंग धुवा. काका, जीप काढा."

"पोरी, तू अजून डाक्टर न्हाई झालीस," शेषेराव म्हणाले. पण त्यांनी जीप काढली.

मुरुड मागं पडलं. लातूर काही केल्या जवळ येईना. आईच्या मांडीवर अण्णांचा श्वास घुरघुरत होता.

"असा पेशंट आधी पाह्यलास का गं?" आईनं विचारलं.

"हाव. मागच्या महिन्यात, वर्गात. कागदावरचा. सर एकेक पान देत गेले, अन् काय झालंय ते आम्ही सात जणांनी मिळून ओळखायचं."

"मग? वाचला का त्यो?"

ऋतुजानं अण्णांचा गार हात घट्ट धरला. "हाव," ती म्हणाली.

शेवटच्या पानावर तो माणूस दगावला होता. ऊन लागलंय, असं सातही जणांनी लिहून दिलं होतं.