आठ तास टिकला तर

“कर चालू,” मिस्त्री म्हणाले. “सहापर्यंत अडखळला नाही, तर तुमच्या दोघांचा विषय काढू.”

उमेदवाराने बटण दाबलं. प्रोसेसरवर आकडेमोडीचा मारा सुरू झाला, पंखे गुरगुरू लागले आणि पडद्यावरची तापमानाची रेघ वर सरकली. घड्याळात दहा वाजले होते.

उमेदवार म्हणजे लेकीने परस्पर पसंत केलेला मुलगा. मिस्त्रींना ते परस्पर रुचलं नव्हतं, पण नाही म्हणायला कारणही सापडत नव्हतं. नोकरी चांगली, बोलणं मोजकं. शेवटी त्यांनी त्याला आपल्या कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात बोलावलं. कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, यात मिस्त्रींचा हातखंडा होता. एक जुना प्रोसेसर त्यांनी पुढ्यात ठेवला आणि म्हणाले, वेग तू वाढवायचा आणि आठ तास ताणाखाली चालवून दाखवायचा.

“एकदम उडी मारायची नाही,” त्यांनी बजावलं होतं. “एक पायरी चढवायची, ताण द्यायचा, तापमान बघायचं. टिकला तरच पुढची. नाहीतर बसतो मटकन.”

हे वाक्य आपण पाळण्यात असल्यापासून ऐकतोय, असं लेक दारातूनच म्हणाली. मग आत येऊन तिने बाबांच्या मनगटावर एक नवा पट्टा बांधला. ऑफिसात मिळालाय, पावलं मोजतो, बॅटरी किती टिकते बघायचंय, तेव्हा संध्याकाळपर्यंत काढू नका, म्हणाली. लेकीचं मन मोडणं मिस्त्रींना कधी जमलं नव्हतं.

अकरा वाजता तिने सांगितलं की बाबांचा वीस वर्षांचा चहाचा कप फुटला. मिस्त्री हळहळले, दोन शब्द सुनावले आणि विसरले. एक वाजता ती आली ती खाली मान घालून. स्कूटर फाटकाला घासली होती. तुला लागलं नाही ना, एवढंच मिस्त्रींनी विचारलं. दरवेळी ती आधी मोबाईलकडे बघायची, मग उमेदवाराकडे. प्रेमात पडलेल्यांना दुसरं काही दिसत नाही, असं म्हणून मिस्त्रींनी मान फिरवली.

घरात आपल्याला कुणी काही धड सांगत नाही, ही त्यांची जुनी तक्रार. गेल्या वर्षी थोरल्या मुलाने नोकरी सोडल्याचं फोनवर एकदम सांगितलं आणि मिस्त्री काउंटरमागे कोसळले, तेव्हापासून तर सगळे त्यांच्याशी चवड्यांवर चालल्यासारखे वागत. आज निदान वाईट बातम्या तरी वेळच्या वेळी मिळत होत्या. त्यांना उलट बरंच वाटलं.

दुपारी तापमान चढलं. उमेदवार गडबडला नाही. त्याने बाजूचं झाकण काढलं, कोपऱ्यातला टेबलफॅन उचलून प्रोसेसरसमोर लावला आणि रेघ खाली येईपर्यंत नुसता बघत उभा राहिला. मग दोघांचं जे सुरू झालं ते थांबेचना. प्रोसेसर थंड ठेवायला कुठली पेस्ट चांगली, कुठला पंखा नुसताच आवाज करतो. इतक्या वर्षांत मिस्त्रींना आपल्याइतका वेडा माणूस भेटला नव्हता. जेवायचंही भान राहिलं नाही, लेकीने डबे पुढे सरकवले तेव्हा आठवलं.

साडेतीनला लेक म्हणाली, आत्या राहायला येतेय. दोन महिने.

मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. दुकानात दोन फेऱ्या मारल्या, घटाघटा पाणी प्यायले आणि मग स्वतःशीच हसले. येऊ दे, म्हणाले, माझ्याशी भांडायला दुसरं आहे कोण तिला.

सहाला दहा कमी होते. खरी परीक्षा मिस्त्रींनी कुणालाच सांगितली नव्हती. प्रोसेसर काय, हा नाही तर दुसरा. त्यांना माणूस बघायचा होता. त्यांनी टेबलाखाली पाय लांब केला आणि वायर ओढली.

पडदा काळा झाला. दिवसभराची मेहनत गेली.

उमेदवाराने आधी मिस्त्रींच्या पायाकडे पाहिलं. “काका, पाय अडकला का? लागलं नाही ना?” त्याने वाकून प्लग पुन्हा बसवला. “पुन्हा पहिल्यापासून मोजू. मी उद्याही रजा टाकतो.”

मिस्त्रींचे डोळे भरून आले. “राहू दे. मीच ओढली वायर. तुला बघायचं होतं. पास झालात, जावईबापू.”

लेक स्टुलावर टेकली. उमेदवाराने टेबलफॅन उचलला आणि मिस्त्रींच्या तोंडासमोर आणून ठेवला.

“मला कशाला?” मिस्त्री म्हणाले.

“कपाला शहाऐंशी ठोके,” लेक मोबाईलमध्ये बघत म्हणाली. “स्कूटरला ब्याण्णव. आत्याला एकशे आठ, पण चार मिनिटांत खाली आले. कप कपाटात आहे, बाबा. स्कूटर धड आहे. आत्याही येत नाहीये.” तिने त्यांच्या मनगटावरचा पट्टा नीट केला. “आत्ता अठ्ठ्याहत्तर. शेवटची पायरी चढवायला हरकत नाही.”

“कसली पायरी?”

“आमचं लग्न झालंय,” ती म्हणाली. “दीड महिना झाला.”