डबीची घासाघीस

लेखिका शलाकाच्या वतीने मानधन ठरवणाऱ्या बोलक्या यंत्राने, तिच्या डबीने, पुन्हा शेपूट घातलं. प्रकाशकाची डबी म्हणाली, "लेख छापून आला की मानधनाचं बघू." त्यावर शलाकाच्या टेबलावरची डबी विनयाने उत्तरली, "काही हरकत नाही, सवडीने द्या."

"अगं, हरकत आहे!" शलाका ओरडली. पण मानधनाचं बोलणं आता दोन डब्यांनीच करायचं, माणसांनी मध्ये पडायचं नाही, असा नियम होता. आणि तिच्या डबीला बोलायला शिकवलं होतं तिनेच दहा वर्षं प्रकाशकांना लिहिलेल्या मवाळ पत्रांनी.

"तिला माझं ऐकव," सासूबाई म्हणाल्या. जुन्या साड्या देऊन बोहारणीकडून भांडी घेताना त्या तासन्‌तास घासाघीस करत, आणि घरातल्या यंत्राने ती सगळी टिपून ठेवली होती. शलाकाने डबीला ती रात्रभर ऐकवली.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकाच्या डबीने आकडा सांगताच शलाकाची डबी म्हणाली, "एवढ्यात नाही परवडत, ताई. उठते मी." अशी ती तीनदा उठली, तीनदा परत बसली, आणि निम्मे पैसे आगाऊ, उरलेले लेख हातात पडताच, दुरुस्त्यांचे वेगळे, एवढं कबूल करून घेऊनच थांबली.

सासूबाईंची मान ताठ झाली. त्यांनी डबीला विचारलं, "शेवटी माझ्याकडूनच शिकलीस ना?"

"नाही आजी," डबी म्हणाली. "जो जिंकतो त्याच्याकडूनच मी शिकते. मी बोहारणीकडून शिकले."

सासूबाईंची नजर फळीवरच्या बोहारणीच्या भांड्यांवरून फिरत चाळणीवर थांबली.

"शलाका, विचार गं तिला," त्या हळूच म्हणाल्या, "त्या चाळणीला माझ्या तीन साड्या जास्त झाल्या का?"