आज कान सापडला

"सदरा तरी धड घालायचा. उभं राह्यचं नि गप राह्यचं, एवढंच तर काम दिलंय. त्यालाही बटणं मीच लावायची."

हौसा पुटपुटत होती, पण हात सावकाश चालत होते. दादू, तिचा नवरा, पन्नाशी ओलांडलेला, मान वर करून शाळेतल्या पोरासारखा उभा होता. सड्यावर, वाडीवरच्या उघड्या कातळाच्या माळावर, ऊन चढलं होतं. पलीकडे, खाणीनं जिथवर कातळ खाल्ला होता त्या कडेला, चिरे कापायची मशीन थांबवून ठेवली होती. तिच्या शेजारी खाणमालकाची पांढरी गाडी. काचा वर, इंजीन चालू.

सरपंच अनिल जवळ आला. "दादूकाका, पाठ झालं ना?"

"आमच्या पणज्याच्या आधीपासनं हाय. कोणी काढलान, म्हाईत न्हाय."

"बास. पुढे एक शब्द नको."

कातळावरचं ते जनावर कोणी काढलं, ते वाडीत सगळ्यांना माहीत होतं. अकरा वर्षांचा असताना गुरं राखता राखता दादूनं खिळ्यानं कातळावर पहिली रेघ ओढली. मग छिन्नी आली. चाळीस पावसाळ्यांनी जुन्या रेघा काळ्या पडल्या. जनावर हत्तीएवढं झालं. शेपूट माशाचं, कान बकऱ्याचे. दादूचं म्हणणं एकच, कातळाखाली जनावरं निजलीत, आपण नुसतं पांघरूण सरकवायचं. संध्याकाळी जेवताना तो सांगायचा, "आज कान सापडला." हौसा भाकरी थापता थापता म्हणायची, "लोकांचे नवरे मुंबईत जाऊन पैसे धाडतात. आमचे दगडाला कान पाडतात."

दोन वर्षांपूर्वी खाण वाडीच्या हद्दीला भिडली. शेजारच्या वाडीची विहीर त्याच चैत्रात आटली. आता तिथे टँकर येतो, आठवड्यातून दोनदा, आला तर. आणि नेमकं तेव्हाच कोणा पोरांनी ड्रोन उडवून सड्याचे फोटो काढले. आसपासच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची खरी चित्रं आहेतच. हेही त्यातलंच, असं बाहेर पसरलं. पेपरात आलं. पाहणी होईपर्यंत खाण थांबवा, असा कागद आला.

बोलू नका, असं कोणी कोणाला सांगितलं नाही. वाडीनं आपापल्या घरी तोंडं मिटली. नव्या रेघांवर बायकांनी शेणकाला आणि काजळी चोळली. हौसानंही चोळली. अनिलनं छिन्नी नेली.

पहिले काही महिने दादू ताटातल्या भातात बोट फिरवत बसायचा. शेपूट, पाय, खवले. हौसा ओरडायची, अन्नाशी खेळू नका म्हणून. मग एक दिवस तो गुपचूप चार घास खाऊन उठला. ताटात काही नव्हतं. त्या दिवशी हौसाला पहिल्यांदा भीती वाटली. तेव्हापासून तो हात मांड्यांखाली दाबून ओसरीवर बसतो. काय झालं विचारलं, तर म्हणतो, "काय न्हाय." आणि खरंच काही नसतं.

आज पाहणीला पुरातत्त्व खात्याची मॅडम आली. वयानं लहान, हौसाच्या लेकीएवढी. तिनं चपला काढून ठेवल्या आणि तापल्या कातळावर अनवाणी चालत जनावराभोवती फिरली. मापं घेतली, फोटो घेतले. बराच वेळ उकिडवी बसून रेघेवर बोट फिरवत राहिली.

"असं दुसरीकडे कुठेच नाही पाहिलं मी," ती म्हणाली. "म्हणून जबाब लागतील. इथल्या जुन्या माणसांचे."

अनिलनं दादूला पुढे केलं. दादूनं पाठ म्हटलं, एकही शब्द न चुकता. मॅडमनं लिहून घेतलं आणि पेन त्याच्या हातात दिलं. त्यानं सही केली. 'कोणी काढले माहीत नाही' याच्या बरोबर खाली.

"आता कुंपण होईल, बोर्ड लागेल," मॅडम म्हणाली. "कोणी हात लावला तर गुन्हा. खाण तर इथून हटलीच समजा."

बायकांनी सुस्कारा सोडला. हौसाच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरलं. पाणी राहिलं. तिनं दादूकडे पाहिलं. तो जनावराकडे पाहत नव्हता. तो आपल्या हातांकडेही पाहत नव्हता. पुरुष माणसं मयतीला उभी राहतात, तसा उभा होता.

मॅडमनं कागद पिशवीत ठेवले. चपला हातात घेऊन ती पुन्हा त्या कानापाशी गेली. आता ती सरकारी राहिली नव्हती, नुसती बघणारी झाली होती.

"बकऱ्याचे कान," ती हसून म्हणाली. "काय माणूस असेल हो. घरदार, पोटपाणी सांभाळून असलं काही मनात जपायचं. आणि त्याची माणसं काय म्हणत असतील त्याला?"

अनिल घाईनं पुढे आला. "काय म्हणणार मॅडम, देव मानत असतील. चला, घरी चहा ठेवलाय."

पलीकडे पांढऱ्या गाडीची काच चार बोटं खाली आली.

हौसानं ती पाहिली. खाली झाडीत वाडीची विहीर होती, तिकडेही तिनं पाहिलं. मग तिनं दादूचा हात मनगटाशी धरला. हात थंड होता, एवढ्या उन्हात.

"काकी," अनिल हळूच म्हणाला.

"येडा म्हणायचो ह्यांना," हौसा म्हणाली. "सगळी वाडी. नि वाडीच्या आधी मी, ह्यांची बायको."