एकेक वाद्य बंद

संपादकबाईंच्या भावाचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. गाणं पक्कं करताना तो एकेक वाद्य बंद करून ऐकायचा आणि ज्याच्यावाचून काही बिघडत नाही, ते सरळ काढून टाकायचा. बाईंनी हीच युक्ती पुस्तकांना लावली.

"तुमच्या आत्मचरित्रातून वहिनींना वगळून वाचलं," त्यांनी लेखकाला फोनवर सांगितलं. "कुठेच अडलं नाही. टाका काढून."

सुधारलेली प्रत आणायला त्या लेखकाच्या घरी गेल्या, तेव्हा चहा त्यानेच केला. वहिनींचा जाड भिंगांचा चष्मा खिडकीत पडला होता. त्याच्याशिवाय त्यांना समोरचं माणूसही ओळखू येत नसे.

"वहिनी कुठे गेल्या?"


"तुमचं खरं होतं," कप पुढे सरकवत तो म्हणाला. "कुठेच अडत नाही."