सहाहून थोडं जास्त

"वर्तुळाचा परीघ कसा काढतात?" शिक्षण खात्याच्या साहेबांनी विचारलं.

पोरीनं अगदी मनापासून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. अब्बांच्या तोंडचं पाणी पळालं.

अम्मी शिलाई मशीनशी बसली होती, ओठांत टाचण्या धरून. तिला हसूही आलं आणि धास्तीही वाटली. पोरीचा काय दोष? या घरात कुणी काही विचारलं, की आधी 'तुला काय वाटतं?' हे ठरलेलंच. बोलायला लागल्यापासून दहा वर्षांची होईपर्यंत तिनं दुसरं ऐकलंच नव्हतं, तिच्या लेखी पाहुण्याशी बोलायची हीच रीत. पण घरचं शिक्षण तपासायला आलेल्या साहेबांनी हातातल्या फॉर्मवर 'नाही' लिहिलं, की सोमवारपासून पोर शाळेच्या बाकावर.

"लहान आहे, चुकलं तिचं," अब्बा घाईघाईनं म्हणाले. काल त्यांनी साहेबांना दाखवायला भिंतीवर रंगीत वेळापत्रक चिकटवलं होतं, अगदी मधल्या सुट्टीसकट. सकाळी अम्मीनं ते टराटरा फाडलं. 'या घराला मधली सुट्टी कधी मिळाली?' एवढंच तिनं विचारलं होतं.

"काही चुकलं नाही," अम्मी टाचण्यांआडून म्हणाली.

"कुराण शिकवता, ते कळलं. बाकीचं काय?" साहेबांनी तिला विचारलं.

"कुराण शिकतानाही ती प्रश्न विचारून भंडावतेच. बाकीचं तिलाच विचारा की."

पोर तोवर उठलीच होती. तिनं कापड चौपदरी दुमडलं, टेपचं टोक कोपऱ्यावर दाबलं आणि खडू गर्रकन फिरवला. "हा घेराचा फ्रॉक. कंबर चोवीस. अम्मी चोवीसाला सहानं भागते आणि चार इंचांवर खडू फिरवते. मी विचारलं, सहानंच का? ती म्हणाली, तुला काय वाटतं?"

"मग?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

"मग मी डबे मोजले. ताटल्या, बादली, सगळं. मध्यापासून काठापर्यंतचं माप घ्यायचं. काठाभोवती ते सहा वेळा बसतं आणि वर थोडं उरतं. दर वेळी उरतं! म्हणून तर अम्मीच्या फ्रॉकची कंबर इंचभर सैल होते."

अम्मीचे कान तापले. पंधरा वर्षं ती गिऱ्हाइकांना 'धुतल्यावर बसेल' म्हणून वाटेला लावत आली होती, आणि पोटच्या पोरीनं सरकारी माणसासमोर बिंग फोडलं. तरी तिला वाटलं, उठून पोरीचा मुका घ्यावा.

"सूत्र सांग," साहेब म्हणाले.

"सूत्र म्हणजे?"

साहेबांनी टोपण काढलं आणि एका रकान्यात फुली मारली. मग ते अम्मीकडे वळले. आवाज जरा मऊ झाला होता. "हे बघा, शेवटची ओळ राहिलीय. शिक्षण चालू आहे की नाही? सूत्रं पाठ करून घेऊ, एवढं तुम्ही म्हणा. मी 'आहे' लिहितो आणि निघतो."

अब्बांनी डोळ्यांनीच विनवलं. एका वाक्याचा तर प्रश्न होता, बोलून मोकळं व्हायचं. अम्मीनं ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मशीनवरच्या टाचण्यांच्या उशीत खोचल्या. पोर हातात खडू धरून तिच्या तोंडाकडे बघत होती.

"बादली मोजली तिनं, साहेब," अम्मी म्हणाली. "आता सांगा, तुम्हाला काय वाटतं?"