डिस्कवरचं नाव

जंगलात डिस्क हरवली तर ज्याला सापडेल त्याने फोन करावा, म्हणून डिस्क गोल्फवाले, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती लांबच्या टोपलीत फेकायचा खेळ खेळणारे, तिच्यावर नाव-नंबर लिहितात. जगन्नाथकाकांनी ते काम बायकोवर सोपवलं. शरयूकाकूंनी इंग्रजीत नाव लिहिलं, 'अहो'. खाली स्वतःचा नंबर. काका पोट धरून हसले आणि पहिल्याच दिवशी डिस्क जवळच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसच्या झाडीत घालवून आले.

काका गेल्यानंतर काही महिन्यांनी फोन आला. कुणी स्टुडंट होता.

"हॅलो, इज धिस अहो? आय फाउंड युअर डिस्क."

"ही इज नो मोअर," काकू कशाबशा म्हणाल्या.

"आय ॲम सो सॉरी. अँड यू आर?"

काकूंच्या तोंडून निघून गेलं, "अगं."



"अगं? आर यू देअर?"

"आले हं," काकू म्हणाल्या.