बिनपायाची पाखरं

लढाईच्या कामाला पाहिजे म्हणून, सरकार, तुम्ही मोटर नेली. मोटरसोबत तिचा डायव्हर नेला, पार ब्रह्मदेशाच्या वाटेला. दोन वर्षांनी मोटर परत केली आणि डायव्हराबद्दल एक शब्द बोलला नाहीत. जिवंत आहे म्हणाला नाहीत, मेला म्हणाला नाहीत. टायर मात्र नवे घालून दिलेत.

ती मोटर सालेकशाजवळच्या एका गावात, दुलीचंद मालगुजाराच्या अंगणात आंब्याखाली उभी होती. नाकावरचा बिल्ला तेवढा नव्हता. वाटेत कोणीतरी उचकटून नेला होता आणि तिथे नुसती भोकं उरली होती. दुलीचंदचा जीव त्या भोकांत अडकला होता. घरात लग्न तोंडावर आलेलं, बालाघाटचे सोयरे येणार, आणि मोटर अशी नकटी.

मंगरू ओताऱ्यानं मेणाचा नमुना करून आणला होता. ढाल, ढालीवर मुकुट, ढालीत तीन पाखरं. यावर माती लिंपायची, भाजायची, मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. पण त्याआधी कोणीतरी 'बरोबर' म्हणायला हवं होतं. दुलीचंद इतकी वर्षं मागच्या गादीवर बसला होता. बिल्ला पुढे असतो. तो रोज सकाळी चिंचेनं घासायचा नंदलाल डायव्हर, आणि पाण्याचा लोटा धरून उभी राहायची त्याची बायको फुलवंता. म्हणून तिला बोलावणं गेलं.

ती आली. कपाळावर कुंकू होतं. ओसरीवरून देवकाबाई मालगुजारणीनं त्या कुंकवाकडे पाहिलं आणि मान फिरवली.

"पाह्य न बाई, असाच होता न?" दुलीचंद म्हणाला.

फुलवंतानं नमुना हातात घेतला. उन्हानं मेण मऊ झालं होतं.

"पाखरायले पाय नव्हते."

"पाय नव्हते?"

"चोच होती, पंख होते. पाय नाई."

मंगरूनं हात झटकले. "हे नाई जमत, पटील. मूर्तीचा पाय तुटला का ते खंडित. आपण ते डोहात सोडून देतो. अन् तुमी मले नवीच खंडित ओताले सांगून राहिले?"

"अरे, मूर्ती कायची? मोटरचा बिल्ला होय."

"दसऱ्याले त्याले हळदकुंकू नाई वाहत तुमी?"

दुलीचंद वाहत होता.

"अन् हिचं कायले आयकतं तू?" तो उसळून म्हणाला. "मी साऱ्या सोयऱ्यायले सांगून ठेवलं आहे, का मुकुट म्हणजे आपली मालगुजारी, अन् तीन पाखरं म्हणजे माळव्यातून आलेले आपले तीन पुरखे. पुरखे का लंगडे होते?"

ओसरीवर देवकाबाई हसली. मंगरूही हसला. फुलवंता हसली नाही.

"तुमी ज्या साहेबाची मोटर घेतली, त्यानं माह्या घरच्यायले, तुमच्या डायव्हरले, सांगतलं होतं," ती म्हणाली. "विलायतेत धाकट्या पोराले जमीन नाई भेटत म्हणे. त्याच्या ढालीवर असं पाखरू काढतात. टेकाले जमीनच नाई, मंग पाय कायले पाहिजे? घरी येऊन लय हसले होते. म्हणाले, पटलाच्या मोटरवर माहाच बिल्ला आहे."

"माह्या मोटरवर बिनजमिनीचा बिल्ला?" दुलीचंदचा आवाज चढला. "या गावची जमीन कोणाची आहे?"

"तुमची."

"मंग? पाय राहू दे, मंगरू. चांगले जाड कर."

मंगरू नमुना घ्यायला पुढे झाला. फुलवंतानं दिला नाही. तिनं नखानं एका पाखराचे पाय उडवले. मेणाचे ते बारीक धागे तिच्या बोटाला चिकटून राहिले.

"हे काऊन केलं व बाई?" मंगरू ओरडला.

"दोन पाखरं पटलायचे पुरखे. त्यायचे पाय ठेव. हे एक माह्या घरच्यायचं."

"पागल झाली का?" दुलीचंद म्हणाला. "नंदलालले सरकारनं नेलं. मी नाई."

"सरकारनं मोटर मांगली होती. माणूस तुमी देला. माही मोटर दुसऱ्याच्या हाती चालत नाई, असं तुमीच म्हणाले होते. मी तवा इथंच उभी होती."

देवकाबाई उठून आत गेली. दुलीचंद आंब्याकडे पाहू लागला. झाडावर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"परवा अक्ती आहे, पितरायले पाणी द्याची अखयतीज," फुलवंता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "सासूनं मेलेल्यायच्या नावाच्या घागरी आणल्या कुंभाराकडून. औंदा एक जास्त आणली. कोणाची म्हणून विचारलं, तं बोलली नाई. भिंतीकडं तोंड करून बसून राहिली. ते घागर कोरडी ठेवली आहे. तिच्यात पाणी टाकलं, तं मीच त्यायले मेले म्हटलं. नाई टाकलं, अन् खरंच गेले असन, तं तिकडं वर्षभर तहानलेले राहतीन."

दुलीचंद अजून आंब्याकडेच पाहत होता.

"सरकार कुठं राहते मले ठाव नाई. तुमी इथं उभे आहा. झाडाकडे काय पाहून राहिले, पटील? माह्याकडे पाहा अन् सांगा. भरू का नको?"